सर्दी-तापाच्या दिवसांतील व्यायाम

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसरात सर्दी-तापाचे दिवस वर्षातून दोनदा येतात. पहिली फेरी पावसाळ्यात, साधारणपणे जुलै ते सप्टेंबर या काळात येते. दुसरी थंडी सरताना, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान असते. युरोप-अमेरिकेत फ्लू हा हिवाळ्याचा आजार आहे, आणि आरोग्यविषयक बरीचशी पुस्तके तिकडच्या हवामानाला धरून लिहिलेली असल्यामुळे आपल्याकडेही तोच समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात आपल्या भागातील मोठी फेरी पावसाळ्याचीच असते. संततधार लागली की खिडक्या बंद होतात, ओले कपडे खोलीतच वाळत पडतात, आणि दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच जणांचा श्वास एकमेकांत मिसळत राहतो. विषाणूला याहून सोयीची जागा कोणती असणार?

निवासी शाळेला हा प्रश्न घरापेक्षा जास्त जाणवतो. एका दालनात रांगेने झोपणारी मुले, एकच भोजनगृह, नळावरची एकच रांग. भेटीच्या दिवशी येणारे पालक बहुधा निघोजे, म्हाळुंगे, कुरुळी, खराबवाडी किंवा भोसरीच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणारे असतात. कारखान्यातील खोकला भेटीच्या डब्याबरोबर वसतिगृहात येतो आणि सुट्टीत मुलांच्या पेटीबरोबर घरी परततो. म्हणून शाळेचे आरोग्य आणि वस्तीचे आरोग्य वेगवेगळे मोजता येत नाही, असे आम्ही मानतो.

या दिवसांत पालकांकडून दोन परस्परविरोधी सूचना येतात. काही म्हणतात, मुलाला शिंका येत आहेत, त्याला पहाटेच्या कवायतीला उठवू नका. काही म्हणतात, चांगले चार फेरे पळवा, घाम निघाला की सर्दी निघून जाईल. दोन्ही सूचनांत थोडे तथ्य आहे आणि थोडा धोका आहे. ते तथ्य कोणते आणि धोका कोणता, हे सविस्तर सांगण्यासाठी स्मरणिकेतील ही पाने आम्ही घेतली आहेत.

प्रथम आजाराविषयी. साधी सर्दी आणि फ्लू हे दोन वेगळे आजार आहेत. साध्या सर्दीस दोनशेहून अधिक प्रकारचे विषाणू कारणीभूत होऊ शकतात. त्यांत ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सर्वांत मोठा. ती हळूहळू चढते, नाक आणि घसा यांत राहते आणि आठवडा-दहा दिवसांत उतरते. फ्लू हा इन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूमुळे होतो. तो बहुधा अचानक येतो: सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून, अंग मोडून, तापाने अंथरुणाला खिळतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, आणि लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच रोगी इतरांना आजार देऊ लागतो. पुढे पाच ते सात दिवस, लहान मुलांत त्याहूनही अधिक काळ, ही देवाणघेवाण चालू राहते.

या दोन्ही आजारांवर प्रतिजैविके चालत नाहीत. हे वाक्य पिंपरीत लिहिताना आम्हाला थोडे संकोचल्यासारखे होते; कारण हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा देशातील सार्वजनिक क्षेत्रातील पहिला औषध कारखाना १९५४ मध्ये याच पिंपरीत उभा राहिला आणि १९५५ पासून येथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्यास साहाय्य होते. न्यूमोनिया आणि पिकलेल्या जखमा यांतून त्या औषधाने किती जीव वाचवले, याची गणती नाही. परंतु पेनिसिलीन जीवाणूंना मारते, विषाणूंना नाही. त्याची आणि त्याच्यासारख्या अनेक औषधांची चाल ही जीवाणूच्या भिंतीवर असते, आणि विषाणूला अशी भिंतच नसते. तरीही औषधाच्या दुकानातून ‘सर्दीच्या चार गोळ्या’ मागून नेणारे आणि त्यात एक-दोन प्रतिजैविकाच्या गोळ्या बिनदिक्कत घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. अर्धवट घेतलेल्या त्या गोळ्यांनी सर्दी एक दिवसही आधी जात नाही. शरीरातले जीवाणू मात्र त्या औषधाला सरावतात, आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही.

फ्लू म्हणजे काय, हे या शहरांनी २००९ मध्ये पाहिले. त्या वर्षी ३ ऑगस्ट रोजी स्वाइन फ्लूमुळे देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. ती १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्यानंतर पुण्यातील नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी लागलेल्या रांगा, शाळांना दिलेली सुट्टी, बाजारातून नाहीसे झालेले मास्क आणि तोंडाला हातरुमाल बांधून कामावर निघालेली माणसे आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना आठवत असतील. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ती महासाथ संपल्याचे जाहीर केले. पण तो विषाणू गेला नाही. तो नेहमीच्या फ्लूच्या विषाणूंमध्ये सामील होऊन आजही फिरतो. त्याआधीची, १९१८ ची साथ आठवणारे आता कोणी उरले नाही. मुंबई बंदरातून देशात शिरलेल्या त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि तिचे एक वैशिष्ट्य येथे नोंदवणे आवश्यक आहे: मरणाऱ्यांत वीस ते चाळीस वर्षांची, ऐन उमेदीतली माणसे फार मोठ्या संख्येने होती. ‘आमचे शरीर तालमीतले आहे, आम्हाला काय होणार’ असे म्हणणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे.

मग व्यायामाचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो मोजलेला आहे. भरभर चालण्याने किंवा हलके पळण्याने रक्तप्रवाह वाढतो आणि त्याबरोबर पांढऱ्या पेशी, विशेषतः विषाणूंनी बाधित झालेल्या पेशी ओळखून नष्ट करणाऱ्या मारक पेशी, मोठ्या संख्येने रक्तात उतरतात. हा परिणाम काही तासच टिकतो. गस्त घालणारा पहारेकरी जसा रोज फिरला तरच उपयोगी, तसे हे आहे. रविवारी एकदम तीन तास घाम गाळून आठवड्याची गस्त पूर्ण होत नाही. अमेरिकेत डेव्हिड नीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १००२ प्रौढांची १२ आठवडे नोंद ठेवली. आठवड्यातून पाच किंवा अधिक दिवस व्यायाम करणाऱ्यांचे सर्दी-खोकल्याने आजारी असण्याचे दिवस, जवळजवळ व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, ४३ टक्क्यांनी कमी भरले. अशा पाहणीत एक अडचण असते: नियमित व्यायाम करणारा माणूस बहुधा वेळेवर झोपतो, बरे खातो, आणि व्यायामाचे श्रेय कोणते व झोपेचे कोणते हे पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. तरी संशोधकांनी वय, आहार, मानसिक ताण इत्यादींचा हिशेब धरल्यानंतरही फरक राहिला, म्हणून तो आम्ही विश्वासार्ह मानतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेले प्रमाण असे: पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे, आणि प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी. मध्यम म्हणजे काय, याची घरगुती कसोटी सोपी आहे. चालताना बोलता आले पाहिजे, गाता येता कामा नये. खो-खो, लंगडी, दोरीउड्या, लेझीम हे सर्व त्यात बसते. त्यासाठी व्यायामशाळेचे मासिक शुल्क भरण्याची गरज नाही.

मध्यमाचे महत्त्व याच संशोधकाने दुसऱ्या बाजूनेही दाखवले. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनमध्ये धावलेल्या आणि पुढच्या आठवड्यात आजारी पडलेल्या धावपटूंची टक्केवारी १२.९ होती, तशीच तयारी करूनही काही कारणाने न धावलेल्यांत ती केवळ २.२ होती. त्यामागे अतिश्रमाने प्रतिकारशक्तीच खालावते की गर्दी, प्रवास आणि अपुरी झोप यांचा तो परिणाम असतो, याविषयी तज्ज्ञांत अजून वाद आहे. आपल्यापुरता बोध वादाच्या निकालावर अवलंबून नाही: पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे चारला उठून दहा-दहा किलोमीटर पळणाऱ्या, आणि मग दिवसभर कामावर जाणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी साथीच्या दिवसांत अंतर वाढवू नये.

येथेच आणखी एक भेद करावा लागतो. कामाचे श्रम म्हणजे व्यायाम नव्हे. बारा तास जुळणीच्या पट्ट्याजवळ उभे राहून एकच हालचाल हजार वेळा करणाऱ्याचे शरीर थकते. परंतु त्याचे हृदय आणि फुप्फुसे यांना हवी असलेली लयबद्ध चालना त्यात मिळत नाही, विश्रांती तर नाहीच. अशा माणसाला ‘रोज तासभर पळा’ असा उपदेश करणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्याला प्रथम झोप हवी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५३ निरोगी स्वयंसेवकांच्या झोपेची आधी दोन आठवडे नोंद घेतली आणि नंतर त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा संभव आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. रात्रपाळी करणाऱ्याने दिवसा खिडकीला जाड कापड लावून, भ्रमणध्वनी बंद करून सलग झोपावे आणि उठल्यावर वीस-पंचवीस मिनिटे चालावे. घरातील मंडळींनी त्या वेळी दूरदर्शनचा आवाज बंद ठेवला, तर तीही आरोग्यसेवाच आहे.

आता ज्या प्रश्नावर आमच्यात आणि पालकांत सर्वाधिक चर्चा होते, तो. आजारी मुलाने व्यायाम करावा की नाही?

क्रीडावैद्यकात मानेची एक ढोबळ कसोटी वापरतात. लक्षणे मानेच्या वर असतील, म्हणजे नाक वाहणे, शिंका, घशात थोडी खवखव, आणि ताप नसेल, तर हलका व्यायाम चालतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सर्दीचा विषाणू मुद्दाम दिलेल्या तरुणांपैकी काहींनी दहा दिवस, एक दिवसाआड चाळीस मिनिटे व्यायाम केला. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची सर्दी वाढलीही नाही आणि लवकर गेलीही नाही. म्हणजे घाम काढून सर्दी घालवण्याची कल्पना टिकत नाही, आणि चार शिंका आल्या म्हणून दिवसभर पांघरुणात राहण्याचीही गरज नाही. लक्षणे मानेच्या खाली उतरली असतील, म्हणजे छातीत कफ, दम लागणे, अंगदुखी, उलटी किंवा जुलाब, तर व्यायाम बंद. ताप असेल तर लक्षणे कोठेही असोत, व्यायाम पूर्ण बंद.

तापाविषयी आम्ही इतके आग्रही का, तेही सांगतो. फ्लूसारखे विषाणू कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. असे क्वचितच घडते, पण घडते तेव्हा बाहेरून काही कळत नाही. मूल केवळ थकलेले दिसते. त्या अवस्थेत जोराने पळल्यास हृदयाची लय बिघडून जीवावर बेतू शकते. म्हणून काखेत तापमापक लावल्याशिवाय, केवळ ‘अंग कोमट आहे’ एवढ्यावर मुलाला मैदानात सोडू नये. पॅरासिटामॉलने उतरलेला ताप हा गेलेला ताप नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. गोळी घेऊन कबड्डीचा सामना खेळणारा मुलगा आणि गोळी घेऊन तिसऱ्या पाळीला जाणारा त्याचा बाप, दोघेही आजार झाकून ठेवतात आणि तो इतरांनाही देतात. मुलांना फ्लूच्या तापात ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. त्यातून यकृत आणि मेंदू यांना इजा करणारा गंभीर विकार उद्भवू शकतो.

शाळेच्या शिस्तीत हे कसे बसवायचे? पहाटेची घंटा सर्वांसाठी सारखी असावी, सवलत दिली की शिस्त मोडते, असा एक विचार निवासी शाळांत जुना आहे. या बाबतीत आम्हाला विनयपिटकाचा आधार घ्यावासा वाटतो. वैशालीत उत्तम-उत्तम भोजनाची रीघ लागली आणि भिक्खू स्थूल होऊन आजारी पडू लागले, तेव्हा जीवक वैद्याने ते पाहून भगवान बुद्धांकडे दोन गोष्टींची अनुज्ञा मागितली, अशी कथा चुल्लवग्गात आहे. एक चंक्रमणाची, म्हणजे ठरावीक वाटेवर येरझारा घालण्याची. दुसरी उष्ण स्नानगृहाची. दोन्हीस अनुमती मिळाली. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे जे पाच लाभ सांगितले आहेत, त्यांत आजार कमी होणे आणि खाल्लेले नीट पचणे हे दोन आहेत. व्यायामाचा आग्रह हा असा जुना आहे. पण त्याच विनयात कितीतरी नियमांना ‘गिलान’, म्हणजे आजारी, भिक्खूचा अपवाद जोडलेला आहे, आणि आजाऱ्याच्या शुश्रूषेला बुद्धसेवेइतके मोल दिलेले आहे. नियम कडक आणि आजाऱ्याला वेगळा, ही व्यवस्था संघात चालली, तर आमच्या मैदानावर ती चालण्यास अडचण नसावी. म्हणून ताप असलेल्या मुलाची कवायतीतील गैरहजेरी ही गैरहजेरी धरू नये, आणि शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस हे आजार लपवण्याचे आमिष ठरत असेल तर ते बंद करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बरे झाल्यावर परत येण्याचीही रीत आहे. गोळीशिवाय २४ तास ताप नसला पाहिजे. पहिले दोन दिवस केवळ चालणे. मग नेहमीच्या निम्मा व्यायाम, आणि दम लागला नाही तर आठवडाभरात पूर्ववत. खेळातील स्पर्धा समोर असली तरी यात घाई करू नये. फ्लूनंतरचा अशक्तपणा दोन आठवडेही रेंगाळतो.

व्यायाम कोठे आणि केव्हा करावा, याला आपल्या पट्ट्यात विशेष महत्त्व आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असते. त्यामुळे धूर आणि धूळ वर न जाता खालीच साचून राहतात. नाशिक महामार्गावर किंवा तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्याच्या कडेला, अवजड वाहनांच्या रांगेशेजारी पहाटे पाचला पळणारा तरुण फुप्फुसांत काय भरून घेतो, ते त्या रस्त्यालगतच्या झाडांच्या पानांवर दिसते. ऊन वर आल्यावर, रस्त्यापासून दूर पळावे. निगडीची दुर्गा टेकडी आहे, देहूरोडपलीकडे शेलारवाडीच्या लेण्यांचा घोरावडेश्वर डोंगर आहे, देहूजवळचा भंडारा डोंगर आहे. पावसात बाहेर जाता आले नाही तर ओसरीत दोरीउड्या, बैठका आणि जिन्याच्या पायऱ्या पुरेशा आहेत. मात्र खिडक्या उघड्या ठेवून. बंद दालनात शंभर मुलांना जोरजोराने श्वास घ्यायला लावण्यापेक्षा त्या दिवशी कवायत रद्द केलेली बरी.

पावसात भिजल्याने सर्दी होते का, असे विचारतात. विषाणू नसेल तर नुसत्या भिजण्याने होत नाही. तरी आजीचे म्हणणे अगदीच मोडीत काढता येत नाही. कार्डिफ येथे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ९० जणांना वीस मिनिटे गार पाण्यात पाय ठेवून बसवले. पुढील चार-पाच दिवसांत त्यांपैकी १३ जणांना सर्दी झाली, कोरडे पाय ठेवलेल्या ९० पैकी पाच जणांना. नाकात आधीच लपून असलेल्या विषाणूला गारठ्याने संधी मिळत असावी, असा तर्क आहे. मैदानावरून आल्यावर ओले मोजे लगेच बदलायला सांगणाऱ्या मावशींचा त्यामुळे आम्ही आदर करतो.

वसतिगृहात झोपताना शेजारच्या दोघांची डोकी उलट दिशांना ठेवावीत, म्हणजे तोंडांतील अंतर वाढते. टॉवेल, पाण्याचा पेला आणि बासरी-पिपाणीसारखी तोंडाने वाजवायची वाद्ये ज्याची त्याने वापरावीत. साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. हे सर्वांना माहीत आहे. नळाजवळ साबण संपलेला नसणे हीच खरी कसोटी.

कामगार पालकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. ताप अंगावर काढून कामावर जाण्याचे कारण निष्काळजीपणा नसून बुडणारा रोज हे असते, हे आम्ही जाणतो. परंतु कर्मचारी राज्य विमा योजनेत ज्यांची वर्गणी कापली जाते, त्यांना आजारपणाच्या रजेत सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार या योजनेत येतात, आणि ठेकेदाराकडील कामगारही त्यात येतात. संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते आणि विमा दवाखान्यातील डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. चिंचवडला मोहननगर येथे या योजनेचे रुग्णालय आहे. यात एक उणीव अशी की आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ सहसा मिळत नाही, आणि फ्लूमध्ये तर तेच दोन दिवस सर्वांत जास्त संसर्गाचे! तरीही वेतनचिठ्ठीवर ही कपात दिसते का आणि विमा क्रमांक कोणता, हे प्रत्येकाने आजच पाहून ठेवावे. ताप आल्यावर कागद शोधत बसणे कठीण जाते.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू दरवर्षी रूप बदलतो. गर्भवती स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, पासष्टीपुढील वृद्ध, आणि दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले यांनी पावसाळ्यापूर्वी डॉक्टरांना त्याविषयी विचारावे. यांच्यापैकी कोणाला फ्लूची लक्षणे दिसली तर थांबू नये. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक गुणकारी ठरते. आणि कोणालाही, कोणत्याही वयात, धाप लागली, छातीत दुखू लागले, ओठ निळसर झाले, गुंगी आली, लहान मूल पाणी पिईनासे झाले, किंवा उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा जोराने चढला, तर रात्र काढू नये. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय रात्रीही उघडे असते, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. सुट्टीहून मुलाला परत आणताना आदल्या दोन दिवसांत ताप येऊन गेला असल्यास पालकांनी तो गृहपालांना सांगावा. त्या मुलाची पेटी आम्ही आत घेऊ आणि त्याची खाट काही दिवस खिडकीजवळ लावू.